आंद्रेस बेयो : एका भाषेचे व्याकरण, अनेक देशांचे घर

प्रस्तावना

स्पॅनिश भाषा शिकू लागणारा विद्यार्थी बहुधा पहिल्याच दिवशी आपले नाव सांगायला शिकतो. त्यासाठी तो 'मे यामो' असे म्हणून पुढे स्वतःचे नाव जोडतो. या दोन शब्दांचा शब्दशः अर्थ 'मी मला म्हणतो' असा होतो. म्हणणारा तोच आणि ज्याला म्हटले जाते तोही तोच. कर्त्याने केलेली क्रिया पुन्हा कर्त्याकडेच वळते, अशा क्रियापदांना आत्मवाचक क्रियापदे म्हणतात. मराठी माणसाला ही रचना प्रथम विचित्र वाटते. मात्र तिच्यामागचा नियम समजला, की तिच्यातील सोपेपणा लक्षात येतो.

भाषेतील असे नियम कोण ठरवते? ते राजाच्या आज्ञेने येतात, जुन्या ग्रंथांतून येतात, की माणसांच्या बोलण्यात आधीपासूनच असतात? दक्षिण अमेरिकेतील एका विद्वानाने या प्रश्नाचा आयुष्यभर विचार केला. त्यांचे नाव आंद्रेस बेयो. या पाठात आपण त्यांचे चरित्र वाचणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही
• आंद्रेस बेयो यांच्या जीवनातील प्रमुख घटना सांगू शकाल;
• देशाच्या स्वातंत्र्याचा आणि भाषेचा संबंध स्पष्ट करू शकाल;
• स्पॅनिशमधील नियमित आत्मवाचक क्रियापदे वर्तमानकाळात कशी चालतात, हे समजून घेऊ शकाल;
• मराठी व स्पॅनिश या भाषांतील एका रचनेची तुलना करू शकाल.

मूळ पाठ

१. काराकासमधील बालपण

आंद्रेस बेयो यांचा जन्म २९ नोव्हेंबर १७८१ रोजी काराकास येथे झाला. हे शहर आज व्हेनेझुएला देशाची राजधानी आहे. त्या काळी तेथे स्पेनच्या राजाची सत्ता होती. वडील बार्तोलोमे बेयो हे वकील होते आणि संगीताचे जाणकारही होते. घरची स्थिती बेताची होती. आठ भावंडांत आंद्रेस सर्वांत थोरले.

लहानपणापासून त्यांना वाचनाचे वेड होते. क्रिस्तोबाल दे केसादा नावाच्या एका विद्वान धर्मगुरूंनी त्यांना लॅटिन शिकवले. केवळ रूपे पाठ करून घेणे केसादा यांना मान्य नव्हते. लॅटिन वाक्याचा अर्थ उलगडता उलगडता ते आपल्या शिष्याला स्पॅनिश वाक्याची घडणही दाखवीत. दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याची ही सवय बेयो यांना जन्मभर पुरली. १७९६ मध्ये गुरूंचे निधन झाले, तेव्हा गुरुशिष्यांचे एका लॅटिन महाकाव्याचे भाषांतर अर्धेच झाले होते.

१८०० मध्ये बेयो यांनी काराकासच्या विद्यापीठाची पदवी मिळवली. पुढे कायदा आणि वैद्यक यांचा अभ्यास त्यांनी सुरू केला. परंतु घराला हातभार लावण्यासाठी तो अर्धवट सोडावा लागला. ते खाजगी शिकवण्या करू लागले. त्यांच्या विद्यार्थ्यांत सिमोन बोलिव्हार हा एक श्रीमंत घरातील मुलगा होता. शिक्षक विद्यार्थ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठे होते! हाच विद्यार्थी पुढे दक्षिण अमेरिकेचा मुक्तिदाता म्हणून जगप्रसिद्ध झाला.

१८०२ मध्ये बेयो यांना सरकारी कचेरीत नोकरी मिळाली. फ्रेंच आणि इंग्रजी या भाषा ते बहुतांशी स्वप्रयत्नाने शिकले. १८०८ मध्ये काराकासला पहिला छापखाना आला आणि तेथील पहिल्या वृत्तपत्राचे संपादन त्यांच्याकडे सोपवण्यात आले. त्याच वर्षी कचेरीत आलेली इंग्रजी वृत्तपत्रे वाचताना नेपोलियनने स्पेनचे राज्य बळकावल्याची बातमी त्यांच्या नजरेस पडली. ज्या राजाच्या नावाने त्यांच्या देशाचा कारभार चालत होता, तो राजाच सिंहासनावर राहिला नव्हता. ही बातमी वरिष्ठांना प्रथम कळली ती बेयो यांच्या भाषांतरातून.

२. लंडनमधील एकोणीस वर्षे

१९ एप्रिल १८१० रोजी काराकासच्या नागरिकांनी स्पॅनिश अधिकाऱ्याला दूर करून कारभार स्वतःच्या हाती घेतला. नव्या सरकारला इंग्लंडचे साहाय्य हवे होते. त्यासाठी बोलिव्हार, लुईस लोपेस मेंदेस आणि बेयो असे तिघे लंडनला निघाले. बेयो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. काही महिन्यांत आपण परत येऊ, अशा कल्पनेने त्यांनी आईचा निरोप घेतला. परंतु त्यानंतर ना आईची भेट झाली, ना काराकासचे दर्शन.

बोलिव्हार थोड्याच दिवसांत मायदेशी परतले. बेयो मात्र लंडनमध्ये राहिले. १८१२ मध्ये व्हेनेझुएलाचे पहिले प्रजासत्ताक कोसळले आणि त्यांचा पगारही थांबला. परका देश, परकी भाषा आणि हाती पैसा नाही, अशा अवस्थेत त्यांनी मिळेल ते काम केले. स्पॅनिशच्या शिकवण्या केल्या. श्रीमंत घरातील मुलांना शिकवले. जेरेमी बेंथम या तत्त्वज्ञाचे हस्ताक्षर इतके दुर्बोध होते, की त्यांची हस्तलिखिते उलगडण्याचे कामही बेयो यांनी काही काळ केले. याच शहरात त्यांचा विवाह झाला. मात्र १८२१ मध्ये पत्नीचे आणि एका लहान मुलाचे निधन झाले. पुढे १८२४ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला.

या कष्टांत त्यांना आधार होता तो ग्रंथालयांचा. फ्रान्सिस्को दे मिरांदा या देशभक्ताच्या लंडनमधील घरी मोठा ग्रंथसंग्रह होता. शिवाय ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय होते. तेथे बसून बेयो यांनी मध्ययुगीन स्पॅनिश काव्याचा अभ्यास केला. भाषा शतकानुशतके कशी बदलत जाते, हे त्या जुन्या पानांत त्यांना स्पष्ट दिसले. एके काळी रोमच्या साम्राज्यात लॅटिन चालत असे. साम्राज्य मोडले, दळणवळण तुटले आणि प्रांतोप्रांतीची लॅटिन वेगवेगळ्या वाटांनी गेली. तिच्यापासूनच स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच, इटालियन या भाषा झाल्या.

दुसरीकडे, त्यांच्या डोळ्यांदेखत आणखी एक साम्राज्य मोडत होते. अमेरिकेतील वसाहती एकामागून एक स्पेनपासून स्वतंत्र होत होत्या. बेयो यांना स्वातंत्र्य हवेच होते. परंतु एक भीती त्यांच्या मनात घर करून राहिली. लॅटिनचे जे झाले, तेच अमेरिकेतील स्पॅनिशचे झाले तर? मेक्सिकोचा माणूस चिलीच्या माणसाशी बोलू शकला नाही, एका देशाचा कायदा व ग्रंथ दुसऱ्या देशाला वाचता आला नाही, तर नुकत्याच स्वतंत्र झालेल्या या दुबळ्या देशांना परस्परांचा आधार कसा मिळणार? भाषा हेच या देशांचे सामाईक घर होते आणि त्याच्या भिंतींना तडे जाण्याची भीती होती.

याच विचारातून १८२३ मध्ये त्यांनी हुआन गार्सिया देल रिओ या सहकाऱ्यासह लेखनाचे नियम सोपे करण्याची सूचना मांडली. एका ध्वनीसाठी एकच अक्षर असावे, म्हणजे सामान्य माणसाला वाचायला व लिहायला लवकर येईल, असे त्यांचे म्हणणे होते.

३. चिली : नवी भूमी

लंडनमध्ये ते चिली आणि नंतर कोलंबिया या देशांच्या वकिलातींत काम करीत होते. परंतु पगार वेळेवर मिळत नसे. शेवटी चिली सरकारने त्यांना बोलावले. कुटुंबासह दीर्घ समुद्रप्रवास करून २५ जून १८२९ रोजी ते वाल्पाराइसो बंदरात उतरले. त्या वेळी ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. या वयात बहुतेक माणसे स्थिरावलेली असतात. बेयो यांच्या खऱ्या कार्याला मात्र येथून प्रारंभ झाला.

परराष्ट्र खात्यातील कामाबरोबर ते 'एल आराऊकानो' या सरकारी नियतकालिकात लिहू लागले. १८३२ मध्ये त्यांना चिलीचे नागरिकत्व मिळाले आणि १८३७ पासून ते सिनेटचे सदस्य होते. १८४३ मध्ये चिली विद्यापीठाचे उद्घाटन झाले, तेव्हा बेयो त्याचे पहिले कुलगुरू झाले आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले. चिलीचा दिवाणी कायदा हेही मुख्यतः त्यांचेच काम. १८५५ मध्ये तो संमत झाला आणि १ जानेवारी १८५७ पासून अमलात आला. कोलंबिया, इक्वाडोर इत्यादी देशांनी थोडेफार फेरबदल करून तोच स्वीकारला.

४. क्रियापदाचा शोध

काराकासमध्ये तरुणपणी बेयो यांनी स्पॅनिश क्रियापदांच्या काळांवर एक निबंध लिहिला होता. सुमारे तीस वर्षे तो अप्रकाशित राहिला. १८४१ मध्ये, वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी तो वाल्पाराइसो येथे छापला.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : प्रत्येक काळ बोलण्याच्या क्षणाशी एक नाते सांगतो. क्रिया त्या क्षणाबरोबर घडते, त्याच्या आधी घडते किंवा नंतर घडते. कधी ती भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या घटनेच्या सोबत असते, तर कधी त्या घटनेनंतरची असते. या नात्यांवरूनच त्यांनी काळांना नावे दिली. भूतकाळाबरोबरचा काळ तो 'कोप्रेतेरितो' आणि भूतकाळानंतरचा काळ तो 'पोस्प्रेतेरितो'. नाव वाचताच अर्थ कळावा, हा त्यामागील हेतू. मेक्सिकोमधील शालेय पुस्तकांत ही नावे आजही वापरली जातात.

१८४७ मध्ये त्यांचे स्पॅनिश भाषेचे मोठे व्याकरण प्रसिद्ध झाले. ते अमेरिकेतील आपल्या बांधवांच्या उपयोगासाठी लिहिले आहे, असे त्यांनी शीर्षकातच नमूद केले होते. तोपर्यंतचे बहुतेक व्याकरणकार स्पॅनिशला लॅटिनच्या साच्यात बसवीत. लॅटिन नामाला विभक्ती आहेत, म्हणून स्पॅनिशलाही त्या आहेत असे मानून ते तक्ते तयार करीत. बेयो यांनी हा साचा बाजूला ठेवला. जणू जगात दुसरी भाषाच नाही, अशा दृष्टीने त्यांनी स्पॅनिशकडे पाहिले आणि तिचे नियम तिच्यातूनच शोधले.

आत्मवाचक रचनेचे त्यांनी केलेले विवेचन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 'उठणे' या क्रियापदाचे उदाहरण घेऊ. मराठीत आपण 'मी मुलाला उठवतो' आणि 'मी उठतो' असे म्हणतो. म्हणजे क्रियापदाचे रूपच बदलतो. स्पॅनिशमध्ये 'लेवान्तो' याचा अर्थ 'मी उठवतो'. 'मी उठतो' असे म्हणायचे असेल, तर त्याच क्रियापदाआधी 'मे', म्हणजे 'मला', हे सर्वनाम ठेवतात. मूळ क्रियापदाच्या शेवटी 'से' जोडलेले असते : लेवान्तारसे. वर्तमानकाळात ते असे चालते :

मी उठतो – मे लेवान्तो
तू उठतोस – ते लेवान्तास
तो किंवा ती उठते – से लेवान्ता
आम्ही उठतो – नोस लेवान्तामोस
तुम्ही उठता – ओस लेवान्ताइस
ते उठतात – से लेवान्तान

येथे दोन गोष्टी एकाच वेळी बदलतात. पुढचे सर्वनाम पुरुष आणि वचन दाखवते. क्रियापदाचा अंत्य प्रत्ययही तेच दाखवतो. दोघांचा मेळ बसलाच पाहिजे. ज्या क्रियापदांच्या मूळ रूपात 'आर' असतो, त्यांचे प्रत्यय वरीलप्रमाणे होतात. 'एर' असलेल्या 'आत्रेवेरसे', म्हणजे 'धजणे', या क्रियापदाची रूपे 'मे आत्रेवो, ते आत्रेवेस, से आत्रेवे, नोस आत्रेवेमोस, ओस आत्रेवेइस, से आत्रेवेन' अशी होतात. 'इर' असलेल्या 'आबुरिरसे', म्हणजे 'कंटाळणे', या क्रियापदाची रूपे 'मे आबुरो, ते आबुरेस, से आबुरे, नोस आबुरिमोस, ओस आबुरीस, से आबुरेन' अशी होतात. तिन्ही गटांत सर्वनामे तीच राहतात. प्रत्यय तेवढे बदलतात.

बेयो यांनी आणखी एक सूक्ष्म भेद दाखवला. 'मे लावो', म्हणजे 'मी स्वतःला धुतो', या वाक्यात माणूस खरोखरच स्वतःवर क्रिया करतो. परंतु 'मे आलेग्रो', म्हणजे 'मला आनंद होतो', असे म्हणताना कोणीही स्वतःला आनंदित करीत नसतो. येथे रूप आत्मवाचक आहे, अर्थ मात्र तसा नाही; मूळ अर्थाची जेमतेम सावली उरली आहे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोन रचनांना त्यांनी वेगवेगळी नावे दिली. त्यांनी हा भेद जुन्या ग्रंथावरून घेतला नाही. माणसे बोलताना काय म्हणतात आणि त्यांच्या मनात काय असते, हे पाहून तो ओळखला.

५. नियम कोणाचा?

बेयो यांची मते सर्वांना पटली, असे नाही. १८४२ मध्ये चिलीत आश्रयाला आलेले अर्जेंटिनाचे तरुण लेखक दोमिंगो फाउस्तिनो सार्मियेंतो यांच्याशी त्यांचा वृत्तपत्रांतून वाद झाला. भाषा लोक घडवतात, व्याकरणकारांनी तिला बेड्या घालू नयेत, असा सार्मियेंतो यांचा आग्रह होता. बेयो यांना वाटे, की प्रत्येकाने मनास येईल तशी भाषा वापरली, तर सामाईक भाषाच उरणार नाही. म्हणून सुशिक्षितांच्या बोलण्यातील रूढ प्रयोग त्यांनी प्रमाण मानला.

असे असले, तरी ते स्पेनचे अंध अनुयायी नव्हते. स्पेनमधील प्रांतांना स्वतःची बोलण्याची लकब ठेवण्याचा अधिकार असेल, तर चिली आणि व्हेनेझुएला यांनाही तो असला पाहिजे, असे त्यांनी आपल्या व्याकरणाच्या आरंभीच ठासून मांडले. व्याकरणाच्या बाबतीत मायदेश आणि वसाहत असा भेद त्यांनी मानला नाही.

त्यांचे सर्वच म्हणणे काळाने मान्य केले नाही. 'तू' या अर्थी 'वोस' हे सर्वनाम आणि त्याची वेगळी क्रियापदरूपे वापरण्याची चिलीतील रीत त्यांना अशुद्ध वाटे. 'एल आराऊकानो'तून त्यांनी तिच्यावर टीका केली आणि शाळांनी ती टीका उचलून धरली. पण आजही चिलीतील माणसे घरगुती बोलण्यात 'ते लेवान्तास' ऐवजी 'ते लेवान्ताइ' असे सहज म्हणतात. 'तुम्ही'साठी असलेले 'ओस लेवान्ताइस' हे रूप अमेरिकेतील रोजच्या बोलण्यातून गेले. त्याची जागा 'से लेवान्तान' या रूपाने घेतली. भाषेचे घर मोडले नाही, मात्र प्रत्येक कुटुंबाने आपली खोली आपल्या आवडीने सजवली. लेखनसुधारणेचेही तसेच झाले. बेयो यांच्या सूचनांपैकी काही १८४४ पासून चिलीत रूढ झाल्या. परंतु १९२७ मध्ये चिलीने इतर देशांत चालणारी पद्धत पुन्हा स्वीकारली. भाषेची एकता टिकावी, हीच तर बेयो यांची मूळ इच्छा होती.

६. अखेर

उत्तरायुष्यात बेयो यांना कीर्ती लाभली. स्पेनमधील भाषेच्या अकादमीने १८५१ मध्ये त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. ज्या देशाविरुद्ध त्यांच्या पिढीने लढा दिला, त्याच देशाने त्यांच्या विद्वत्तेचा गौरव केला. घरात मात्र दुःखाची सोबत सुटली नाही. त्यांची अनेक मुले त्यांच्या हयातीतच दगावली. पाय अधू झाले, तरी त्यांचे वाचन आणि लेखन थांबले नाही. १५ ऑक्टोबर १८६५ रोजी सान्तियागो येथे वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१८७४ मध्ये कोलंबियाचे भाषापंडित रुफिनो होसे कुएर्वो यांनी बेयो यांच्या व्याकरणाला विस्तृत टिपा जोडल्या. त्या टिपांसह हा ग्रंथ अभ्यासक आजही वापरतात. चिलीच्या वीस हजार पेसोंच्या नोटेवर बेयो यांचे चित्र आहे. त्याहून मोठे स्मारक मात्र माणसांच्या बोलण्यात आहे. मेक्सिकोतील विद्यार्थिनी आणि चिलीतील कामगार आज भेटले, तर ते परस्परांना 'मे यामो' म्हणून आपले नाव सांगतील आणि दुभाष्यावाचून पुढचे बोलू लागतील. बेयो यांना हेच हवे होते.

आपण काय शिकलो?

• आंद्रेस बेयो यांनी प्रतिकूल परिस्थितीत, बरेचसे स्वप्रयत्नाने ज्ञान मिळवले व उतारवयात मोठे कार्य केले.
• राजकीय स्वातंत्र्यानंतरही सामाईक भाषा टिकवणे त्यांना महत्त्वाचे वाटले.
• भाषेचे नियम त्या भाषेतूनच शोधले पाहिजेत, हा त्यांच्या व्याकरणाचा पाया होय.
• आत्मवाचक क्रियापदात सर्वनाम आणि प्रत्यय दोन्ही कर्त्याप्रमाणे बदलतात.

शब्दार्थ

आत्मवाचक – स्वतःचा निर्देश करणारे
दुर्बोध – समजण्यास कठीण
प्रजासत्ताक – लोकांच्या प्रतिनिधींनी चालवलेले राज्य
वकिलात – परदेशातील सरकारी प्रतिनिधीची कचेरी
रूढ – प्रचारात असलेले
लकब – बोलण्याची विशिष्ट ढब
दुभाष्या – दोन भाषा जाणून मध्यस्थी करणारा

पाठान्त प्रश्न

१. लंडनमधील वास्तव्यात बेयो यांना कोणत्या अडचणी आल्या? त्यांतून त्यांनी कोणता लाभ करून घेतला?
२. लॅटिन भाषेच्या इतिहासावरून बेयो यांना कोणती भीती वाटली?
३. बेयो आणि सार्मियेंतो यांच्या मतांतील फरक लिहा. तुम्हाला कोणाचे मत अधिक पटते? सकारण सांगा.
४. 'लावारसे' (स्वतःला धुणे) हे क्रियापद 'लेवान्तारसे'प्रमाणे वर्तमानकाळात चालवून दाखवा.
५. 'उठणे – उठवणे' यांसारख्या मराठी क्रियापदांच्या आणखी तीन जोड्या लिहा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
६. तुमच्या घरी बोलली जाणारी भाषा आणि पुस्तकातील भाषा यांत कोणता फरक आढळतो? आठ-दहा ओळींत लिहा.